जवळजवळ शून्य: द्रोणीखालच्या कवचाचा माग (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी

प्रश्न आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटायला नको. खंडीय कवच ताणलं जातं, पातळ होतं, वरचा भाग प्रस्तरभंगांवरून खचतो आणि त्या खोलगट भागात, म्हणजे द्रोणीत, कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहतो. गाळ आजूबाजूच्या तळखडकापेक्षा हलका. म्हणजे सहा किमी गाळ भरलेल्या द्रोणीवर गुरुत्वाकर्षण चांगलंच कमी भरायला हवं. पण ताणातून झालेल्या कित्येक द्रोण्यांवर ही घट अपेक्षेपेक्षा फारच लहान दिसते, कधी जवळजवळ शून्य. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की रस्सी जागची हलत नाही, तसा हा प्रकार आहे: वरच्या हलक्या गाळाची ओढ एकीकडे, कवचाखालून वर सरकलेल्या जड प्रावरणाची दुसरीकडे.

मोजमापात मिळते ती फक्त वजाबाकी. तिच्यावरून कवच किती आणि कसं ताणलं गेलं यातलं नेमकं काय खात्रीनं सांगता येतं, एवढंच या प्रकल्पात बघायचं आहे. आधी एक काल्पनिक द्रोणी घेऊन सगळी आकडेमोड करणार. खरी विदा नंतर.

९ जानेवारी

एककं आणि दुरुस्त्या. हा भाग लवकर उरकतो.

एक मिलिगॅल म्हणजे मीटर प्रति सेकंदवर्गाचा एक लाखांश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वत्वरण सुमारे ९,८०,००० मिलिगॅल. आपण ज्या पन्नासेक मिलिगॅलच्या मागे आहोत तो त्याचा साधारण वीस हजारावा हिस्सा. उंची एक मीटर वाढली की ०.३०८६ मिलिगॅल घट; मधल्या खडकाची घनता २.६७ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली तर त्या एक मीटर खडकाची ओढ ०.१११९. दोन्ही उलट दिशांना, म्हणून वजाबाकी मीटरमागे ०.१९६७. म्हणजे उंचीत अर्धा मीटर गडबड झाली तर ०.१ मिलिगॅलचा फरक. चंद्र-सूर्याच्या भरतीचा परिणाम ०.३ मिलिगॅलपर्यंत जातो, तोही काढायचा.

आजची स्प्रिंगवाली गुरुत्वमापकं मिलिगॅलच्या हजाराव्या भागापर्यंत वाचन दाखवतात. द्रोणीखालच्या कवचाच्या कामात तेवढी बारकाई क्वचितच अडते. अडते ती घनता. उपकरणाच्या अचूकतेवर पानंच्या पानं खर्च करून घनतेसाठी एक ओळ लिहिणारे अहवाल वाचले की चिडचिड होते.

१६ जानेवारी

आज पूर्ण दिवस गाळावर.

गाळाची घनता खोलीनुसार वाढते, कारण वरच्या वजनानं छिद्रं दाबली जातात. अ‍ॅथी यांनी १९३० मध्ये मांडलेला नियम अजूनही पुरतो: सच्छिद्रता खोलीबरोबर घातांकी पद्धतीनं घटते. स्क्लेटर आणि क्रिस्टी यांनी १९८० मध्ये उत्तर समुद्रातल्या विहिरींवरून त्याचे सहगुणक दिले. शेल-मिश्रित वालुकाश्मासाठी पृष्ठभागावरची सच्छिद्रता ०.५६ आणि घट किमीमागे ०.३९. कणांची घनता २.६८, छिद्रांतलं पाणी १.०३, तळखडक २.७० ग्रॅम प्रति घनसेंमी. माझ्या द्रोणीला हेच आकडे.

सहा किमी जाडीवर बेरीज केली तर गाळाची तूट, रुंदी अमर्याद धरून, ९४.८ मिलिगॅल येते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट मात्र पुढची आहे. यातले ५५.५ मिलिगॅल वरच्या दोन किमीतून येतात. मधल्या दोन किमीतून २६.३. सगळ्यात खालच्या दोन किमीतून फक्त १३. म्हणजे द्रोणी चार किमी खोल आहे की सहा, या प्रश्नाला गुरुत्वाकर्षण जेमतेम १३ मिलिगॅलनं उत्तर देतं, कारण तिथला गाळ दाबून दाबून तळखडकाच्या घनतेला येऊन भिडलेला असतो. उलट वरच्या दोन किमीत घनता थोडी चुकली तर सगळं गणित हलतं. उथळ गाळाकडे दुर्लक्ष करून तळखडकाच्या खोलीवर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

सरासरी काढली तर तळखडक आणि गाळ यांच्या घनतेतला फरक ०.३८ पडतो. हा एकच स्थिर आकडा घेऊन मॉडेल करणारे बरेच आहेत. मधोमध बेरीज जुळते. काठावर जुळत नाही, कारण तिथे फक्त वरचा, सच्छिद्र, जास्त फरकाचा गाळ असतो. आणि पुढे मला काठच महत्त्वाचे ठरणार असं दिसतंय.

१८ जानेवारी

मीठ. त्याची घनता सुमारे २.१६ आणि ती खोलीनं फारशी बदलत नाही, कारण मीठ दाबलं जात नाही, वाहतं. कालच्या आधीच्या वक्रावर गाळाची घनता २.१६ ला पोचते ती सुमारे दीड किमी खोलीवर. त्याच्या वर असलेलं मीठ आजूबाजूच्या गाळापेक्षा जड, त्याच्या खाली असलेलं हलकं. एकाच घुमटाचा माथा विसंगती (मोजलेल्या आणि अपेक्षित गुरुत्वातला फरक) वाढवतो आणि बुंधा कमी करतो. उत्तर समुद्रात पर्मियन काळातलं झेक्श्टाइन मीठ जिथे जाड आहे तिथे हे सगळीकडे आडवं येतं. माझ्या द्रोणीत सध्या मीठ नाही. आत्ता तरी सुखात आहे.

२७ जानेवारी

आता दुसरी बाजू: मोहो, म्हणजे कवच आणि प्रावरण यांच्यातली सीमा.

समजा द्रोणी पूर्ण समस्थायी आहे. गाळामुळे जेवढं वस्तुमान कमी झालं, तेवढं मोहो वर येऊन भरून निघालं. कवचाचा तळ आणि प्रावरण यांच्या घनतेत ०.४५ फरक धरला तर मोहो पाच किमी वर यायला हवा. ताणाच्या हिशोबाशी हे छान जुळतं. मॅकेंझी यांच्या १९७८ च्या, सगळे थर सारखे ताणले जातात असं मानणाऱ्या मॉडेलप्रमाणे ३२ किमी जाडीचं कवच दीडपट ताणलं तर २१.३ किमी उरतं. त्यावर सहा किमी गाळ, म्हणजे मोहो २७.३ किमीवर. मूळ जागेपेक्षा ४.७ किमी वर. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकच आकडा.

वस्तुमान जुळलं म्हणून विसंगती शून्य होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. गाळाचा वस्तुमध्य सुमारे दोन किमी खोल, मोहो तीस किमी खोल. खोलवरच्या गोष्टीचा ठसा पृष्ठभागावर पोचेपर्यंत पुसट होतो, आणि द्रोणी जितकी अरुंद तितका जास्त पुसट. द्रोणी शंभर किमी रुंद, म्हणजे ती अर्धा तरंग मानून तरंगलांबी दोनशे किमी धरली, तर मोहोच्या ९४.८ मधले ३७ च वर पोचतात. गाळाचे ८९ पोचतात. उरले उणे ५२ मिलिगॅल.

हीच द्रोणी पन्नास किमी रुंद असेल तर उणे ६९. दोनशे किमी रुंद असेल तर उणे ३३. (तरंगलांबीचा हा हिशोब ढोबळ आहे, खऱ्या द्रोणीला काठ असतात. पण पहिल्या अंदाजाला पुरतो.)

तेव्हा शंभर किमी रुंद, सहा किमी खोल द्रोणीवर विसंगती जवळजवळ शून्य दिसली, तर द्रोणी समतोलात आहे म्हणून हात झटकता येत नाहीत. समतोलात असती तर उणे पन्नास दिसायला हवे होते. शून्य याचा अर्थ खाली कुठेतरी वस्तुमान जास्तीचं आहे. ते कुठून आलं हा खरा प्रश्न.

३ फेब्रुवारी

उष्णतेचा भाग. कवच ताणलं की खालचं गरम दुर्बलावरण (प्रावरणातला मऊ थर) वर येतं. गरम म्हणजे हलकं. नुकत्याच ताणलेल्या भागात ही तूट मोजावीच लागते, नाहीतर मोहो आहे त्यापेक्षा खोल निघतो. मॅकेंझी यांच्या मॉडेलमध्ये शिलावरण (कवच आणि त्याखालचं ताठ प्रावरण) १२५ किमी जाड धरलं तर थंड होण्याचा कालस्थिरांक, म्हणजे जास्तीची उष्णता साधारण ३७ टक्क्यांवर यायला लागणारा काळ, सुमारे ६.३ कोटी वर्षं. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या ताणात मूळ उष्णतेचा नऊ-दहा टक्केच भाग उरतो. माझी द्रोणी तेवढी जुनी मानतो आणि पुढे सरकतो.

११ फेब्रुवारी

ताणाच्या द्रोण्यांमध्ये बुडून गेलो की दुसरी जात विसरायला होते. गंगेच्या मैदानाखालची द्रोणी ताणातून झालेली नाही. हिमालयाच्या भारानं भारतीय पट्ट (शिलावरणाचा तुकडा) वाकला आणि त्या वाकामध्ये गाळ भरला. तिथे मोहो द्रोणीखाली वर येत नाही, हिमालयाच्या दिशेनं खाली जातो. गाळ आणि मोहो दोन्ही एकाच बाजूला ओढतात, रद्द होण्याचा प्रश्नच नाही.

या सगळ्या विषयाचा उगमही तिथलाच. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या भारताच्या सर्वेक्षणात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठाण्यांमधल्या अंतराचे दोन हिशोब, एक जमिनीवर मोजलेला आणि एक ताऱ्यांवरून काढलेला, ५.२३६ विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जुळेनात. प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीमुळे ओळंबा किती कलावा याचं गणित केलं तर उत्तर आलं १५.८८५ विकला, जवळपास तिप्पट. डोंगराखाली काहीतरी हलकं असणार. १८५५ मध्येच एअरी यांनी कवचाच्या खोल मुळांची कल्पना मांडली. पुढे १९८० च्या दशकात लियाँ-काँ आणि मोलनार यांनी गंगा द्रोणी ते हिमालय या पट्ट्यातल्या विसंगतीवरून वाकलेल्या पट्टाचं मॉडेल केलं. उच्च हिमालयाखाली उतार अधिक तीव्र होतो, म्हणजे तिथे पट्ट अधिक सहज वाकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथेही आकड्याच्या आकारापेक्षा उताराच्या बदलानं जास्त सांगितलं. ही गोष्ट माझ्या द्रोणीलाही लागू होईल का, बघू.

१९ फेब्रुवारी

ताकद. आतापर्यंत कवच आणि खालचं शिलावरण पूर्ण लुळं धरलं, म्हणजे जिथे भार तिथेच खचणार. खरं शिलावरण भार आजूबाजूला वाटून घेतं. ते किती वाटतं ते प्रभावी लवचिक जाडीनं सांगतात. ही जाडी दहा किमी असेल तर वाकण्याची लांबी सुमारे ४१ किमी (यंग गुणांक ७० गिगापास्कल, प्रावरण ३.३०, भरणारा गाळ २.४० धरून). तीस किमी असेल तर ९३ किमी. जाडी तिप्पट झाली की दृढता २७ पट होते, पण वाकण्याची लांबी २.३ पटच वाढते. म्हणून विसंगतीच्या रुंदीवरून जाडी काढताना आकडे इतके पसरतात.

खंडांची लवचिक जाडी किती यावर वाद आहेच. फोर्सिथ यांची १९८५ ची सुसंगतता पद्धत (भूरूप आणि गुरुत्व किती जुळतात ते बघणारी) जुन्या खंडगाभ्यांना, म्हणजे खंडांच्या प्राचीन स्थिर भागांना, भरपूर मोठी जाडी देते. मॅकेंझी आणि फेअरहेड यांनी १९९७ मध्ये फ्री-एअर विसंगती (फक्त उंचीची दुरुस्ती केलेली, खडकाची नाही) वापरून ती २५ किमीच्या आतच असल्याचं म्हटलं. या वादात मी उडी घेत नाही. मला फक्त एवढं हवं आहे की ताण चालू असतानाची ताकद आणि गाळ भरतानाची ताकद वेगळी असू शकते.

२० फेब्रुवारी

कालचाच धागा, थोडा नीट.

वॉट्स आणि फेअरहेड यांनी १९९९ मध्ये वापरलेली पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. शेवटच्या विसंगतीला मॉडेल बसवत बसण्याऐवजी एकेक प्रक्रिया वेगळी करायची. आधी गाळ काढून टाका आणि द्रोणी पाण्यानं भरलेली कल्पा: ताणाची विसंगती मिळते. मग गाळ भरा: गाळाची विसंगती मिळते. हवं तर तळाशी चिकटलेल्या मॅग्म्याची तिसरी. बेरीज प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघा.

आकडे घालून पाहिले. पट्ट लुळा असेल तर ६ किमी गाळ बसायला मूळ खड्डा फक्त २.६ किमी खोल पाण्याचा लागतो. बाकीचं खचणं गाळाच्याच वजनानं होतं. पट्ट ताठ असेल तर गाळाच्या वजनानं फारसं काही खचत नाही, म्हणून सहा किमी गाळासाठी खड्डाच मुळात खूप खोल लागतो. म्हणजे कवच जास्त ताणलं गेलेलं. शिवाय पाण्याच्या जागी आलेला गाळ पाण्यापेक्षा जड असतो, आणि ताठ पट्ट तो जास्तीचा भार पेलून धरतो, मोहो खाली ढकलला जात नाही. द्रोणीच्या मध्यावर विसंगती वर चढते, बाजूंना उतरते.

२७ जानेवारीला पडलेल्या प्रश्नाचं हे एक उत्तर: जवळजवळ शून्य म्हणजे गाळ भरताना पट्ट ताठ होता. उत्तर देखणं आहे. एकमेव असतं तर इथेच थांबलो असतो.

२६ फेब्रुवारी

दुसरं उत्तर: मॅग्मा.

खालच्या कवचात दहा किमी जाडीच्या थरात बेसाल्टी अंतर्वेधनांनी (खडकात घुसून थिजलेल्या मॅग्म्यानं) घनता ०.१५ नं वाढली, तर त्याची ओढ मोहो ३.३ किमी वर आल्याइतकी. थर थोडा उथळ असल्यामुळे त्याचा ठसा किंचित ठळक: पृष्ठभागावर पोचणारा हिस्सा ०.४६, मोहोचा ०.३९. एवढ्याशा फरकावर कोण निवाडा करणार?

सैबेरियातल्या बैकलचं उदाहरण बोलकं आहे. तिथे खचदरी स्पष्ट, गाळ भरपूर, आणि थायबो व नील्सन यांनी २००९ मध्ये भूकंपीय लहरींवरून दाखवलं की मोहो जवळजवळ सपाट आहे. कवच पातळ झालं, पण खालून घुसलेल्या मॅग्म्यानं जाडी भरून काढली असं त्यांचं म्हणणं. नुसत्या गुरुत्वाकर्षणावरून हे कळणं अशक्य होतं. अमेरिकेतल्या मिशिगन द्रोणीचीही तीच कथा वेगळ्या तऱ्हेनं. गोल, शांत, गाळानं भरलेली द्रोणी आणि तिच्या आरपार गुरुत्वाच्या उच्च विसंगतीचा लांब पट्टा. तो पट्टा द्रोणीचा नाहीच, सुमारे १.१ अब्ज वर्षांपूर्वीच्या मध्यखंडीय खचदरीतल्या जड खडकांचा आहे. द्रोणी त्यावर नंतर बसली.

४ मार्च

वर्निकी यांचं मॉडेल (१९८५): कवच सगळ्या थरांत सारखं न ताणता एका तिरक्या, खोल जाणाऱ्या सरकपृष्ठावरून ताणलं जातं. वरच्या कवचाचं पातळ होणं एकीकडे आणि खालच्या कवचाचं दुसरीकडे. म्हणजे द्रोणी एका जागी, मोहोचा उंचवटा तिच्यापासून बाजूला.

इथे गणित करून बघितलं आणि प्रकल्पाला दिशा मिळाली. शंभर किमी रुंद द्रोणी तीच, मोहोचा उंचवटा फक्त २५ किमी पूर्वेला सरकवला. विसंगतीची घट उणे ५२ वरून उणे ६८ वर गेली आणि तिचा सगळ्यात खोल बिंदू द्रोणीच्या मध्यापासून १२-१३ किमी पश्चिमेला सरकला. उंचवट्याच्या बरोबर उलट दिशेला.

आता याच्या शेजारी घनतेची अनिश्चितता ठेवतो. गाळाच्या घनतेत सगळीकडे ०.०५ चा फरक पडला तर सहा किमीत १२.६ मिलिगॅल, पृष्ठभागावर पोचेपर्यंत साधारण १२. मोहोचा सगळा ठसाच ३७ चा. म्हणजे गाळ वजा करून उरलेल्या विसंगतीच्या उंचीवर एक तृतीयांश शंका. त्या उंचीवरून कवच किती पट ताणलं गेलं हे छातीठोकपणे सांगणारे आलेख मला यापुढे कमी भावतील. पण तोच सगळीकडे सारखा फरक या उरलेल्या विसंगतीच्या शिखराची जागा हलवत नाही. उंची डळमळीत, जागा बरीच पक्की.

५ मार्च

एक अडचण. अर्धखचदरीत (एकाच बाजूला मोठा प्रस्तरभंग असलेल्या खचदरीत) गाळ मुळातच एका बाजूला जाड असतो, त्यामुळे घट आपोआप त्या बाजूला सरकते. मूळ विसंगतीत दिसणाऱ्या सरकण्याला म्हणूनच काही किंमत नाही. गाळ नीट वजा केल्यावर उरतं त्यात शिखर कुठे आहे तेच बघायचं. आणि तिथे १६ जानेवारीचा मुद्दा परत येतो: काठांवर स्थिर घनता वापरली तर चूक दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही, आणि असमान चूक शिखराला सरकवते.

१७ मार्च

ग्रेस (२००२) आणि गोचे (२००९) हे गुरुत्व मोजणारे दोन्ही उपग्रह प्रकल्प १७ मार्चलाच सुटले. योगायोगानं आज उपग्रहांची विदा बघायला घेतली.

गोचे सुमारे २५५ किमी उंचीवरून फिरत होता. माझ्या द्रोणीचे उणे ५२ मिलिगॅल तिथे पोचेपर्यंत मिलिगॅलच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहतात. दोनशे किमी रुंद द्रोणीचे उणे ३३ तिथे ०.६. म्हणूनच गोचेनं गुरुत्वाकर्षणाऐवजी त्याचे उतार (जागेगणिक होणारा बदल) मोजले, आणि तरीही तपशील शंभर किमीच्या आसपासच येतो. ईजीएम २००८ सारख्या, पृथ्वीच्या गुरुत्वाच्या एकत्रित मॉडेलमध्ये बारीक तपशील जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्या मोजमापांतून भरलेला असतो. जिथे जमिनीवरची विदा विरळ, तिथे नकाशा गुळगुळीत दिसला तरी त्यातली बारकी वळणं भरवशाची नाहीत. शिखराची जागा शोधायची असेल तर हे आधी तपासणं भाग आहे. पहिल्या खऱ्या छेदासाठी दाट सागरी मोजमापं असलेला भागच निवडायचा.

२३ मार्च

उत्तर समुद्राचा मध्यवर्ती खचपट्टा. कारणं: विहिरी भरपूर, म्हणून वरच्या दोन-तीन किमीतली घनता विहिरीतल्या नोंदींवरून घेता येते, भूकंपीय अपवर्तनाचे (लहरींच्या वळण्यावरून थरांची खोली दाखवणारे) छेद आहेत, ताण मुख्यतः ज्युरासिक काळातला, म्हणून उष्णतेची दुरुस्ती लहान. बार्टन आणि वुड यांनी १९८४ मध्ये इथेच अपवर्तनातून मिळालेली कवचाची जाडी आणि विहिरींतला खचण्याचा इतिहास एकत्र तपासून ताणाच्या मॉडेलशी ताडून पाहिला होता. डोनॅटो आणि टली यांनी १९८१ मध्ये गाळाचा परिणाम वजा केला तर खचपट्ट्यांवर उच्च विसंगती उरल्या. म्हणजे मोहोचा उंचवटा दिसतो हे माहीत आहे. तो द्रोणीच्या नेमका खाली आहे की बाजूला, ते मला बघायचंय.

मीठ मात्र आहे. सुख संपलं.

३० मार्च

अहवालात काय म्हणायचं आणि काय नाही, ते विदा उघडण्याआधीच ठरवून टाकतो. उत्तर बघून नियम ठरवले की नियम उत्तरासारखे होतात.

घनतेची असमान चूक सहा मिलिगॅलची धरली तर ३७ मिलिगॅलचं शिखर पाचेक किमी सरकतं. मिठाच्या अनिश्चिततेसाठी त्यात दुप्पट जागा ठेवतो. म्हणून गाळ वजा केल्यावर शिखर द्रोणीच्या मध्यापासून दहा किमीच्या आत असेल, तर सर्व थरांत सारखा ताण नाकारता येत नाही एवढंच लिहायचं. त्याहून जास्त असेल आणि तेच सरकणं अपवर्तनाच्या छेदातल्या मोहोतही दिसत असेल, तरच तिरक्या सरकपृष्ठाचं नाव घ्यायचं. फक्त गुरुत्वात दिसलं आणि मोहोत दिसलं नाही, तर खालच्या कवचातल्या मॅग्म्याची शक्यता पहिली. ताण किती पट हा आकडा गुरुत्वावरून द्यायचा नाही. तो खचण्याच्या इतिहासातून घ्यायचा आणि गुरुत्वानं फक्त तपासायचा.

उद्या पहिलं काम: विहिरींच्या घनता-नोंदींतून काठांसाठी वेगळा आणि मध्यासाठी वेगळा वक्र बसवणे.